विश्लेषण : नावे ठेवायची आणि वाचायचीही! शृंगारिक कादंबऱ्यांचा खप कोडे का ठरतो?

वैजापूर : रोटेगाव स्थानकावर मनमाड किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांच्या हातात आता पुस्तक क्वचितच दिसते. मोबाइल मात्र प्रत्येकाकडे असतो. त्यावर कोणी बातम्या वाचतो, कोणी रील पाहतो, तर कोणी ‘गर्विष्ठ बॉस आणि त्याची कराराची बायको’ या थाटाच्या प्रेमकथेचा पुढचा भाग. शेजारी बसलेल्याला ते कळत नाही. पूर्वी अशा पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालावे लागे. आता पडद्याचा उजेड कमी केला की भागते.

प्रणय आणि शृंगार यांवर बेतलेल्या कादंबऱ्या जगभर प्रचंड खपतात. समीक्षक त्यांची टर उडवतात, घरातली वडीलधारी मंडळी नाके मुरडतात आणि वाचणारेही ‘सहज चाळली’ एवढेच सांगतात. मग एवढ्या प्रती जातात कुठे? ‘हे लोकांना आवडतेच कसे’ या प्रश्नाला इंग्रजी पुस्तकांची उदाहरणे देण्याची पद्धत आहे. पण या कोड्याची एक चांगली उकल मराठीतच झालेली आहे आणि तीही सर्वोच्च न्यायालयात.

‘श्यामा’चे प्रकरण काय होते?

‘रंभा’ या मराठी मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा प्रसिद्ध झाली. काकोडकर हे त्या काळातील भरपूर लिहिणारे आणि भरपूर वाचले जाणारे लेखक. कथेचा नायक निशिकांत हा कवी आणि शिक्षक. नीला, वनिता आणि श्यामा या तीन स्त्रिया त्याच्या आयुष्यात येतात, त्यांच्याशी आलेल्या संबंधांची ही कथा. ती अश्लील असल्याची तक्रार पुण्यात दाखल झाली. तक्रारदार शिक्षण खात्यातील अधिकारी होते आणि अश्लील साहित्याविरुद्धच्या चळवळीत त्यांना रस होता.

दंडाधिकाऱ्यांनी लेखकाला निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली काकोडकरांना दोषी ठरवले. शिक्षा होती २५ रुपये दंडाची, तो न भरल्यास आठवडाभर साध्या कैदेची. शिवाय त्या अंकाच्या लेखकाच्या ताब्यातील प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. २५ रुपये भरून प्रकरण मिटवता आले असते. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

ऑगस्ट १९६९ मध्ये निकाल लागला आणि ते निर्दोष ठरले. न्या. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या या निकालात वाचण्यासारखे बरेच काही आहे. कथा तुकड्यातुकड्यांनी नव्हे, तर सलग वाचून तिचे मोजमाप करायला हवे. समाजाच्या कल्पना वेगाने बदलत आहेत. नुसता कामजीवनाचा उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली, तर निव्वळ धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच विकता येणार नाही, असा निकालाचा सूर आहे. पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच. न्यायालयाने ‘श्यामा’ची भलामण केली नाही. साहित्य म्हणून ती उच्च दर्जाची नसेल, अपरिपक्व असेल, अभिरुचीला न रुचणारीही असेल. पण तेवढ्याने ती वाचकाला बिघडवणारी ठरत नाही, अशी भूमिका घेतली. थोडक्यात, ‘मला आवडली नाही’ आणि ‘ही घातक आहे’ ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. रोजच्या बोलण्यात आपण ती सर्रास एकत्र करतो.

याच वर्षीचा आणखी एक योगायोग. १९६९ च्या अखेरीस राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. राजेश खन्ना आणि मुमताज यांचा हा कौटुंबिक चित्रपट तुफान चालला. त्याची कथा काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवर आधारलेली होती. ज्याच्या एका कथेने वाचक बिघडतील म्हणून सात वर्षे खटला चालला, त्याच लेखकाच्या दुसऱ्या कथेवरचा चित्रपट लोक आईवडिलांना घेऊन पाहत होते.

भीती नेमकी कोणाच्या वाचनाची?

अश्लीलतेचे खटले जरा बारकाईने पाहिले की एक गोष्ट जाणवते. तक्रार करणारा स्वतः बिघडल्याचे कधीच सांगत नाही. त्याला काळजी असते ती दुसऱ्याची. तरुण मुलांची, बायकांची, कमी शिकलेल्यांची. इंग्लंडमध्ये १८६८ साली ठरलेली ‘हिकलिन कसोटी’ याच काळजीवर उभी होती. ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होण्याचा संभव आहे अशा कोणाच्या हाती पुस्तक पडले तर काय होईल, हा तिचा प्रश्न. म्हणजे पुस्तकाचे माप सर्वांत कमकुवत वाचकावरून घ्यायचे.

डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’वर १९६० साली लंडनमध्ये खटला चालला, तेव्हा हे अगदी उघडे पडले. सरकारी वकिलाने ज्युरींना विचारले की, हे पुस्तक तुमच्या पत्नीने किंवा नोकरांनी वाचलेले तुम्हाला चालेल का? ज्युरींमध्ये स्त्रियाही होत्या! पेंग्विनने हे पुस्तक साडेतीन शिलिंगांना काढले होते. ते श्रीमंतांच्या कपाटात असते तर कोणाची हरकत नसती. मजुराच्या आणि मोलकरणीच्या हातात पडणार म्हणून खटला. पेंग्विन जिंकले आणि वर्ष संपेपर्यंत सुमारे २० लाख प्रती गेल्या. भारतात मात्र याच पुस्तकाची प्रत विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याला शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली ती कायम ठेवली. त्यानंतर पाचच वर्षांत ‘श्यामा’चा निकाल आला, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

मराठीत ही भीती आणखी जुनी. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर खटले झाले. ते मासिक कादंबऱ्या छापत नव्हते, लैंगिक आरोग्याविषयी लिहीत होते. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते. वाचकांनी पत्राने विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकाने उत्तरे दिली, एवढाच गुन्हा. पुढे बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांवरही अश्लीलतेचा खटला झाला आणि ते सुटले. मर्ढेकर आज विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहेत. काकोडकर नाहीत आणि त्यात अन्याय झाला असे म्हणण्याचे कारणही नाही. निर्दोष असणे आणि थोर असणे यांत बरेच अंतर आहे.

हे सारे ‘पश्चिमेकडचे वारे’ आहे का?

असे म्हणणाऱ्याने वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणाऱ्या गोदावरीच्या काठाने खाली पैठणला जावे. हेच प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’ हा सुमारे ७०० गाथांचा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे आणि त्यातला मोठा भाग शृंगाराचा. शेतकऱ्यांच्या बायका, पाटलाच्या घरच्या मुली, वाटसरू, परगावी गेलेला नवरा, गोदेकाठच्या झाडीत ठरलेल्या भेटी. बऱ्याच गाथा स्त्रीच्या तोंडी आहेत. आपल्या भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करताना हा ग्रंथ आपण अभिमानाने पुढे करतो. आत काय आहे ते मात्र सहसा सांगत नाही. स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली त्याची मराठी आवृत्ती केली. ती ज्यांनी वाचली त्यांना ‘आमच्याकडे असले नव्हते’ हे वाक्य उच्चारणे जड जाईल.

पेशवाईतल्या शाहिरांच्या लावण्यांबद्दल वेगळे सांगायला नको.

आणि वि. स. खांडेकरांची ‘ययाति’? १९५९ साली आलेल्या या कादंबरीला साहित्य अकादमी मिळाले, १९७४ साली खांडेकरांना ज्ञानपीठ मिळाले. तिचा विषय भोगाची न भागणारी भूक हाच आहे. पण ती घराच्या कपाटात दर्शनी बाजूला असते. पौराणिक नाव, चिंतनशील भाषा आणि शेवटी पश्चात्ताप, एवढे असले की शृंगार दिवाणखान्यात चालतो. नायक-नायिका आजच्या ऑफिसातली असतील आणि शेवटी पस्तावणार नसतील, तर तेच पुस्तक उशीखाली जाते.

यावर कोणी म्हणेल की गाथा अभिजात आणि ही पुस्तके बाजारू, दोन्ही एका तागडीत कशी घालता? घालत नाही. गाथेतला कवी दोन ओळींत सूचना करतो आणि गप्प बसतो. बाजारातली कादंबरी ५०० पानांत सगळे सांगते, मग पुन्हा सांगते. फरक मोठा आहे, पण तो सांगण्याच्या कसबाचा आहे. विषयाच्या सोवळेपणाचा नव्हे.

‘फिफ्टी शेड्स’ने एवढा पल्ला कसा गाठला?

या शतकातले सर्वांत चर्चित उदाहरण हेच. लंडनमध्ये दूरचित्रवाणी क्षेत्रात काम केलेल्या ई. एल. जेम्स यांनी स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ या व्हॅम्पायर-प्रेमकथेच्या पात्रांवर इंटरनेटवर हौसेने कथा लिहायला सुरुवात केली. लोकप्रिय पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या अशा कथांना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. पुढे पात्रांची नावे बदलून २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका छोट्या प्रकाशनाने ती मुख्यतः ई-बुक म्हणून काढली. २०१२ मध्ये मोठ्या प्रकाशनसंस्थेने हक्क घेतले आणि खप आवाक्याबाहेर गेला. या त्रयीच्या जगभरात १५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतील रँडम हाउसने कर्मचाऱ्यांना प्रत्येकी ५,००० डॉलर बोनस दिला, तो मुख्यतः या पुस्तकांच्या जोरावर. गंभीर साहित्य छापणाऱ्या त्याच कंपनीतल्या संपादकांनाही तो मिळाला असणार.

भाषा सपाट, तीच ती विशेषणे, नायिकेचे तेच ते लाजणे, यावर जगभर विनोद झाले. ते चुकीचे नाहीत. पुस्तक खरोखरच सुमार लिहिलेले आहे. भारतात तर मौजच झाली. २०१५ मध्ये त्यावरील चित्रपटाला सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्र नाकारले, पुस्तक मात्र दुकानात उघड विकले जात होते. चित्रपट अंधारातही चारचौघांत पाहावा लागतो. पुस्तक एकट्याने वाचता येते.

या खपामागे ई-बुकचा हात मोठा होता, हे तेव्हाच अनेकांनी नोंदवले. किंडलवर मुखपृष्ठ दिसत नाही. बस, रेल्वे, दवाखान्याची रांग कुठेही वाचा, कोणी भुवया उंचावत नाही. पुढे छापील आवृत्ती आली तेव्हाही तिचे मुखपृष्ठ साधे होते. राखाडी रंगाचा टाय, बस्स. लाल ओठ आणि उघडे खांदे नाहीत. लपवण्याची गरज संपली आणि दबलेली मागणी वर आली. दुकानदाराच्या नजरेला नजर देऊन असे पुस्तक मागण्याचा संकोच किती विक्री रोखून धरत होता, याचा अंदाज प्रकाशकांना तोवर आलेलाच नव्हता.

खूप खपले म्हणजे खूप आवडले?

तसे नसते. या मुद्द्यावर एक नेटका प्रयोग झालेला आहे. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. काहींना कोणते गाणे किती जणांनी डाउनलोड केले तेही दिसत होते. आकडा दिसणाऱ्यांचे आठ वेगळे गट केले होते. २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेले निष्कर्ष असे : आकडा दिसला की लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय होतात, आणि प्रत्येक गटात पहिला नंबर वेगळ्याच गाण्याचा येऊ शकतो. फार चांगली गाणी सहसा तळाला जात नाहीत, फार वाईट सहसा वर येत नाहीत. मधल्या साऱ्यांचे नशीब पहिल्या काही जणांनी काय निवडले यावर ठरते.

‘सगळे वाचताहेत म्हणजे आहे तरी काय’ या कुतूहलाने घेतलेल्या प्रती या १५ कोटींत भरपूर असणार. नावे ठेवण्यासाठी वाचणाऱ्यांनीही पुस्तक विकतच घेतले होते. म्हणून एका विशिष्ट पुस्तकाचा खप हे बरेचसे लाटेचे काम असते. ‘हेच का, ते का नाही’ याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही ते त्यामुळे.

पण त्याने कोडे अर्धेच सुटते. लाट एका पुस्तकाची असते. हा प्रकार मात्र कायम खपत आला आहे. मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ ची. शतक उलटल्यावर, २००८ मध्ये तिने भारतात स्वतंत्र व्यवसाय सुरू केला, कारण इथे तिचे वाचक आधीपासून होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिच्या पुस्तकांचे गठ्ठे कोणी पाहिले नाहीत?

वाचणाऱ्याला यातून मिळते काय?

या प्रश्नावर सर्वांत उपयोगी काम जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासिकेचे आहे. १९८४ मध्ये आलेल्या ‘रीडिंग द रोमान्स’ या पुस्तकासाठी त्यांनी प्रेमकथा वाचणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाशी बोलून अभ्यास केला. तोवर अभ्यासक पुस्तके वाचून वाचकांविषयी निष्कर्ष काढत. रॅडवेंनी वाचकांनाच विचारले. त्या स्त्रियांनी कथानकाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व वाचण्याच्या कृतीला दिले. दिवसभर नवरा, मुले, घर. पुस्तक उघडले की तेवढा वेळ कोणी हाक मारायची नाही. तो वेळ त्यांचा स्वतःचा. आणि कथेत काय असते? जिची काळजी कोणी घेत नाही, तिची काळजी घेणारा एक माणूस.

हे अमेरिकेतले निरीक्षण वैजापूरच्या गृहिणीला समजावून सांगावे लागणार नाही. सकाळचा डबा, दुपारचे काम, संध्याकाळी घरभर चालू असलेला टीव्ही. मालिका सगळ्यांसोबत पाहायची असते आणि त्यातले कोणते दृश्य आले की रिमोट शोधायचा हेही ठरलेले असते. दुपारची अर्धा तास मोबाइलवरची कथा मात्र एकटीची असते.

‘शेवट माहीतच असतो, मग वाचायचे कशाला’ हा नेहमीचा आक्षेप. तमाशाला जाणाऱ्यालाही गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम पाठ असतो. कीर्तनाला बसणाऱ्याला आख्यान माहीत असते. ठरलेला शेवट हा या कादंबऱ्यांचा दोष नसून करार आहे : वाटेत कितीही रडवा, शेवटी ती दोघे एकत्र आली पाहिजेत. ज्यांच्या आयुष्यात उद्याची खात्री नसते त्यांना अशा खात्रीचे मोल जास्त, एवढेच. रहस्यकथांचाही असाच करार असतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयच्या कथा वाचणाऱ्यांना खुनी सापडणार हे माहीतच होते. त्यांना कोणी खुनशी म्हटले नाही. शृंगारिक कादंबरी वाचणाऱ्या बाईला मात्र लगेच ‘तसली’ ठरवले जाते.

आपली आवड आपली असते का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दियू यांनी १९७९ मध्ये एक अप्रिय गोष्ट मांडली. आवडनिवड ही निव्वळ मनाची नसते. घर, शिक्षण आणि सामाजिक जागा ती घडवतात, आणि ‘मला हे आवडत नाही’ म्हणताना आपण बहुधा ‘मी त्यांच्यातला नाही’ असे सांगत असतो. कादंबरी सुमार आहे हे म्हणणे समीक्षेत बसते. ‘असले वाचणारे कोण असतात’ हे म्हणणे वाचकाची जात-पायरी ठरवणे असते. ना. सी. फडक्यांच्या प्रणयप्रधान कादंबऱ्या एका पिढीने कॉलेजात भारावून वाचल्या, कारण त्यातला नायक शिकलेला, टेनिस खेळणारा, नीट बोलणारा होता. तेच प्रेम चाळीतल्या किंवा खेड्यातल्या माणसांनी स्वस्त कागदावर केले की ‘पिवळे’ होते.

ही बाजू मान्य करूनही एक सांगायला हवे. दर्जा नावाची गोष्ट असते. सगळ्या आवडी सारख्याच, असे म्हणणे वाचकाचा सन्मान वाटला तरी प्रत्यक्षात त्याच्याकडून काही अपेक्षाच न ठेवणे आहे. सुमार पुस्तक आवडणे हा गुन्हा नाही आणि आवडले म्हणून ते सुमार राहत नाही असेही नाही.

मोबाइलने काय बदलले?

पूर्वी शहरांतून सर्क्युलेटिंग लायब्ररी असत. महिन्याची वर्गणी भरली की मासिके, कादंबऱ्या घरी नेता येत. दिवाळी अंकांसाठी वेगळी योजना असे आणि ती अजूनही बऱ्याच वाचनालयांत असते. तालुक्याच्या गावी मात्र वाचनालयाच्या टेबलामागचा माणूस वडिलांना ओळखत असतो. तिथे कोणते पुस्तक मागायचे याला आपोआप मर्यादा येते, मुलींना तर जास्तच. मोबाइलने हा ओळखीचा माणूस वाटेतून काढला.

बेंगळुरूत २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या ॲपवर मराठीसह १२ भारतीय भाषांत कोणालाही लिहिता आणि वाचता येते. तिथे प्रेमकथांच्या मालिका भागाभागाने येतात. पुढचा भाग उद्या, नाहीतर लगेच हवा असल्यास पैसे. प्रत्येक भाग ऐन उत्कंठेच्या क्षणी तोडलेला. त्यामुळे कथा शेकडो भागांपर्यंत लांबतात आणि तिसऱ्या भागात होऊ शकणारे लग्न साठाव्या भागापर्यंत रखडते. लिखाणाचा दर्जा इथे घसरतो तो शृंगारामुळे नव्हे, या हिशेबामुळे. संपादक नाही, मुद्रितशोधन नाही. पण ज्यांची कथा पुण्या-मुंबईच्या एकाही मासिकाने छापली नसती अशा लेखकांना, विशेषतः लेखिकांना, इथे वाचक मिळाले हेही खरे. काकोडकरांना वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी संपादक, छापखाना आणि विक्रेता लागत होता. त्यांच्यावर खटला झाला तेव्हा प्रकाशकालाही आरोपी केले गेले होते.

आजचा कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून कलम २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली आहे. अश्लील साहित्याची विक्री, प्रसार, आणि आता इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही त्यात येतो. पहिल्यांदा दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५,००० रुपयांपर्यंत दंड. साहित्य, कला, विज्ञान किंवा ज्ञान यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन यातून वगळले आहे. ही सवलत १९६९ च्या दुरुस्तीतून आलेली. याशिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आहे आणि त्यातली शिक्षा जास्त कडक : पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. ‘हिकलिन कसोटी’ सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अवीक सरकार प्रकरणात सोडून दिली. आता समकालीन समाजाचे सर्वसाधारण मापदंड पाहिले जातात. हे सगळे निर्माण करणाऱ्याला आणि पसरवणाऱ्याला लागू आहे. प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या मोबाइलवर एखादी शृंगारिक कादंबरी वाचणे हा गुन्हा नाही. गटावर असा मजकूर पुढे ढकलताना मात्र हातघाई करू नये.

मग काळजी करण्यासारखे काहीच नाही?

आहे, पण ती तक्रारदार शोधतात तिथे नाही. ‘फिफ्टी शेड्स’वरचा सर्वांत गंभीर आक्षेप शयनगृहातल्या वर्णनांवर नव्हता. श्रीमंत नायक नायिकेचा पाठलाग करतो, तिचा फोन कुठे आहे ते शोधतो, तिने काय खावे, कोणाला भेटावे ते ठरवतो, आणि पुस्तक याला प्रेम म्हणते. स्त्री-हिंसाचाराविरुद्ध काम करणाऱ्या गटांनी हा आक्षेप घेतला. परस्परसंमतीने अशा संबंधांत राहणाऱ्यांनीही घेतला. संमती विचारायची असते, ती गृहीत धरायची नसते, हे त्यांचे म्हणणे. मोबाइलवरच्या मराठी कथांतला गर्विष्ठ बॉस याच साच्यातून निघालेला. तो ओरडतो, संशय घेतो, मनगट पिरगाळतो आणि चाळिसाव्या भागात त्याच्या बालपणीचे दुःख कळले की सारे माफ. यात शृंगाराचे एकही वाक्य नसेल तरी आक्षेप उरतोच. सोवळ्या मालिकांमध्येही हाच नवरा असतो आणि त्या सगळे घर मिळून पाहते.

अशा कथा वाचणारी प्रत्येकजण तसाच नवरा शोधते, असे मानणे म्हणजे पुन्हा हिकलिनकडे जाणे. रॅडवेंना भेटलेल्या वाचकही भोळ्या नव्हत्या. कोणता नायक चालेल आणि कोणता नाही याबद्दल त्यांची मते ठाम होती, आणि नायिकेला छळणारी, बलात्काराला प्रेमाचा मुलामा देणारी पुस्तके त्या नाकारत. मराठी ॲपवरही प्रत्येक भागाखाली तारे देता येतात, प्रतिक्रिया लिहिता येते. उशीखालच्या पुस्तकाला ही सोय नव्हती. काकोडकरांच्या वाचकांना ‘श्यामा’ कशी वाटली, याची नोंद त्या खटल्याच्या कागदपत्रांत मिळत नाही. तिथे साक्ष देणारे त्यांच्यावतीने बोलत होते. आज वाचणारी स्वतः लिहू शकते की हा नायक मला मुळीच आवडला नाही, पुढच्या भागात त्याला दोन थोबाडीत द्या.